त्वचा म्हणजे तोंड नव्हे: लिंबू, हळद, भिरंडेल आणि चेहऱ्याला फासायच्या बाकी गोष्टींबद्दल

मे महिन्यात आमच्याकडे लग्न होतं. लग्नाच्या चार दिवस आधी माझ्या भाचीने कुठल्याशा रीलमध्ये बघून लिंबाचा रस, बेकिंग सोडा आणि हळद असा पॅक केला, चेहऱ्याला आणि गळ्याला लावला, वीस मिनिटांनी घाईघाईत धुतला आणि स्कूटर काढून भर दुपारी डिचोलीहून म्हापशाला ब्लाऊज आणायला गेली. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी थोडी चुरचुर, आणि तिसऱ्या दिवशी हनुवटीपासून गळ्यापर्यंत पाण्याचे ओघळ वाळावेत तसे तपकिरी पट्टे. हळदीच्या आदल्या रात्री ती माझ्यासमोर बसून रडत होती आणि एकच म्हणत होती, "आत्या, पण सगळं नॅचरलच होतं ना गो!"

अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली, मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण हा प्रश्न डॉक्टरच्या आधी केमिस्ट्रीचा आहे. रोज कुणीतरी मला व्हॉट्सॲपवर विचारतं की टीचर कॉफी लावली तर चालेल का, तांदळाचं पाणी चालेल का, कोलेजन प्यायलं तर काय होतं, आणि दुसरीकडे पेपरात बातम्या येतात की गोरं करणाऱ्या क्रीममुळे किडनी गेली. म्हणून एकदाच सगळं सलग लिहिते. वाचून झाल्यावर एवढं लक्षात राहिलं तरी पुरे की तोंडाने खाल्लेली गोष्ट आणि तोंडाला लावलेली गोष्ट या दोन वेगळ्या दारांनी जातात, आणि त्यातलं एक दार बहुतेक वेळ बंदच असतं.

## चिऱ्याची भिंत

आपल्याकडची जुनी घरं बघा, जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर चिरा आणि मध्ये चुना-मातीचा दर्जा, म्हणजे फटीतलं भरण. त्वचेचा सगळ्यात वरचा थर अगदी असाच असतो. चपट्या, मेलेल्या पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्या मधल्या फटीत भरलेली चरबी, म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड, हा दर्जा. या भिंतीला स्किनवाले डॉक्टर बॅरिअर म्हणतात, मी भिंतच म्हणणार. जाडी किती, तर चेहऱ्यावर ही भिंत डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, आणि तरी आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं काही आत येऊ न देणं ही दोन्ही कामं ती चोवीस तास करते. खालून नवे चिरे येत राहतात, वरचे झडून जातात, तरुणपणी हे चक्र साधारण चार आठवड्यांचं असतं आणि वय वाढलं की रेंगाळतं.

आता विचार करा, त्वचा जर लावलेलं सगळं "शोषून" घेत असती तर रोज मिरची-धण्याचं वाटप हाताने कालवणाऱ्या बायकांचं काय झालं असतं? समुद्रात पोहणारा माणूस खारवलेल्या बांगड्यासारखा नसता का झाला? भिंत आहे म्हणून वाचतो आपण.

मग काहीच आत जात नाही का? जातं, पण जाळ्याचे डोळे बारीक आहेत. ढोबळ नियम असा मानतात की ज्या रेणूचं वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त, तो धड त्वचेतून आत जात नाही. डाल्टन म्हणजे रेणू तोलायचं माप, हायड्रोजनचा एक अणू साधारण १ डाल्टन. व्हिटॅमिन सी १७६, हळदीतलं कर्क्युमिन ३६८, आणि ज्याच्या नावाने हजारो रुपयांची क्रीमं विकली जातात ते कोलेजन जवळपास ३ लाख! म्हणजे कोलेजनचं क्रीम चेहऱ्याला लावणं हे कोळंबीच्या जाळीतून होडी आत घालण्यासारखं आहे. वर बसून थोडा मऊपणा देईल, बस. आणि वजन कमी असलं तरी पुरत नाही, रेणूला थोडं तेलात नि थोडं पाण्यात असं दोन्हीकडे जमवून घेता यायला हवं, कारण दर्जा चरबीचा आहे. व्हिटॅमिन सी तर पाण्यातच रमणारं, ते आत ढकलायचं तर १० ते २० टक्के इतकं तीव्र द्रावण लागतं आणि त्याचा पीएच ३.५ च्या खाली लागतो. लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी किती असतं? शंभर मिलीमध्ये पन्नासेक मिलिग्रॅम. म्हणजे ०.०५ टक्के. बाकी बहुतेक पाणी आणि सायट्रिक ॲसिड.

## लिंबू तर रोज खातो की!

पीएच म्हणजे आंबटपणाची पट्टी, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट, आणि एकेक आकडा उतरला की आंबटपणा दहापट. निरोगी त्वचा ५ च्या आसपास असते, म्हणजे स्वतःच किंचित आंबट, तिला ते लागतंच कारण त्या आंबटपणात दर्जा नीट तयार होतो आणि नको ते जंतू वाढत नाहीत. लिंबाचा रस २ ते २.५. म्हणजे त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आंबट. बेकिंग सोडा उलट्या टोकाला, ८ च्या वर. काही जणी म्हणतात दोन्ही मिसळलं की बॅलन्स होतं. हो होतं ना, फस्‌ करून फेस येतो, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं सोडियम सायट्रेटचं पाणी आणि जे जास्त पडलं असेल ते. माझ्या अकरावीच्या पोरांनी हे प्रॅक्टिकलला केलंय, चेहऱ्यावर करायची गरज नाही.

बांगड्याचे तुकडे लिंबू लावून ठेवले की वरचं मांस पांढुरकं पडतं, बघितलं असेल. आच न लावता शिजल्यासारखं दिसतं, कारण ॲसिडने प्रोटीनची घडी मोडते. जिवंत त्वचेवर भिंत असल्यामुळे तितकं होत नाही हे खरं, पण भिंतीला आधीच ओरखडे असतील, थ्रेडिंग केलेलं असेल, स्क्रबने घासलेलं असेल, तर चुरचुरतं ते उगाच नाही. चुरचुरलं म्हणजे काम करतंय हा जो समज आहे ना, तो कुणी पसरवला देव जाणे.

पण भाचीचे पट्टे आंबटपणाचे नव्हते. ते उन्हाचे होते. लिंबाच्या सालीत आणि थोडंफार रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना उन्हातले युव्हीए किरण (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा एक प्रकार, दुसरा युव्हीबी) पडले की ती पेटल्यासारखी वागतात आणि पेशींना भाजून काढतात. लगेच दिसत नाही, दिसायला एक-दोन दिवस लागतात, आणि नंतर राहणारा डाग आठवडे, कधी महिने जात नाही. गोव्यात हे आपल्याला नवं नसायला हवं. मार्च ते मे उराकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा सीझन, बीचवर बसून ग्लासात लिंबू पिळायचं, हात तसेच पुसायचे आणि उन्हात पडायचं, मग दोन दिवसांनी बोटांवर नि मनगटावर तपकिरी ओघळ बघून "हे कसले गो डाग" म्हणायचं. तेच. गंमत म्हणजे याच घराण्यातली द्रव्यं बावचीत असतात आणि कोडावर बावची नि ऊन हा उपचार फार जुना आहे, आजही डॉक्टर सोरालेन देऊन मोजून-मापून युव्हीए देतात. मोजून-मापून हा शब्द महत्त्वाचा. रीलमध्ये "अर्धं लिंबू" असतं.

आणि नॅचरल म्हणजे निरुपद्रवी हे तरी गोवेकराने म्हणू नये! काजूची ओली बी फोडली की टरफलातलं तेल हाताला लागून कातडी सोलवटते, हे सत्तरी तालुक्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होतं, बिब्बा उतल्यावर काय होतं. तिन्ही एकाच कुळातली झाडं, तिन्ही शंभर टक्के नैसर्गिक.

## हळदीचं तर पेटंट भांडून जिंकलं ना आपण?

जिंकलं, आणि ते भांडणारे डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्या माशेलचेच, म्हणून मला जरा जास्तच अभिमान आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला "जखम भरायला हळद" याचं पेटंट मिळालं होतं, माशेलकर तेव्हा सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधनाच्या सरकारी संस्थेचे प्रमुख होते, संस्थेने जुने ग्रंथ नि लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण भांडण कशाचं होतं ते नीट बघा. हळदीचा हा वापर नवा नाही, आमच्याकडे आधीपासून आहे, हे सिद्ध झालं. हळद लावली की चेहरा उजळतो असं काही तिथे सिद्ध झालं नाही, तो प्रश्नच नव्हता. लोक दोन्ही गोष्टी एकत्र करतात.

हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे दही-हळद किंवा पाणी-हळद लावली की बहुतेक भाग पिवळा रंग बनून वरच बसतो. सूज-लाली कमी करायचा गुण त्यात प्रयोगशाळेत दिसतो, काही लहान अभ्यासांत त्वचेवरही दिसलाय, पण तुमच्या वाटीतल्या पॅकमधून तो किती पोचतो हे सांगणं कठीण आहे. काही जणांना हळदीची ॲलर्जीही असते, खाज येऊन पुरळ उठतं. आणि सुटी हळद फार भडक पिवळी दिसली तर मी ती आमटीतही घालत नाही, चेहरा लांबच, कारण रंगासाठी लेड क्रोमेट म्हणजे शिशाचं रंगद्रव्य मिसळल्याचे प्रकार आपल्या या भागात उघड झालेले आहेत. लग्नातली हळद लावा खुशाल, तो विधी आहे, ट्रीटमेंट नाही.

## मग मास्क लावून चेहरा छान कसा दिसतो?

दिसतो, खोटं नाही. रात्री अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) भिजत घातले की सकाळी सुरकुती जाऊन कसे टपोरे होतात? मास्क मुख्यतः तेवढंच करतो. ओला थर पंधरा-वीस मिनिटं वर राहिला की वरच्या मेलेल्या पेशी पाणी पिऊन फुगतात, पृष्ठभाग सपाट होतो, उजेड सारखा परततो, आपण म्हणतो ग्लो आला. अळसांदे परत वाळले की सुरकुती परत. काही तासांचा मामला आहे, लग्नाच्या दिवशी तेवढे तास पुरतात, म्हणून मला मास्कबद्दल राग नाही, फक्त त्याच्याकडून कायमचं काही मागू नका.

प्रत्येकाचं थोडं वेगळं काम आहे. मुलतानी माती बारीक पापुद्र्यांची असते, तेल आणि घाम ओढून घेते, तेलकट चेहऱ्याला बरं वाटतं. पण ती कडक वाळून भेगा पडेपर्यंत ठेवायची नाही, ओलसर असतानाच धुवायची, नाहीतर ती तेलानंतर तुमचं पाणी ओढायला लागते. अंड्याचा पांढरा भाग लावला की जे "टाइट" वाटतं ते वाळणारं प्रोटीन ओढत असतं, त्वचा तरुण होत नसते, आणि कच्चं अंडं तोंडाजवळ लावणं मला तसंही पटत नाही, साल्मोनेला कुणाला सांगून येत नाही. दह्यात थोडं लॅक्टिक ॲसिड असतं, एक टक्क्याच्या आसपास, विकतच्या एक्सफोलिएटरमध्ये (मेलेल्या पेशी काढणाऱ्या द्रावणात) पाच-दहा टक्के असतं, म्हणजे दही हा सौम्य धाकटा भाऊ. कोरफड थंडावा देते, पण पात कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो निथळू द्यायचा, पात उभी करून ठेवायची, आणि मगच आतला पारदर्शक गर घ्यायचा, खाज येते ती बहुतेक त्या पिवळ्या चिकाची. काकडी, थंड दूध, चंदनाचं गंध, बरं वाटतं, लावा.

साखर-कॉफी, अक्रोडाची भुकटी यांनी खसाखसा घासणं मात्र नको. दर्जा खरवडला की भिंतीत पाणी मुरणारच.

## खोबरेल, भिरंडेल आणि चुडतांची झापं

पावसाळ्याआधी भिंतींना माडाच्या चुडतांची विणलेली झापं बांधायची पद्धत होती, आता निळं प्लास्टिक आलं. मॉइश्चरायझर म्हणजे ही झापं. भिंत बदलत नाही, झाकते. आतलं पाणी उडून जाणं कमी होतं आणि दर्जाला दुरुस्तीला वेळ मिळतो.

आपल्याकडचं यातलं सगळ्यात गुणी पण दुर्लक्षित म्हणजे भिरंडेल, भिरंडाच्या म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तूप, सिंधुदुर्गात मुठेल म्हणतात. साध्या तापमानाला दगडासारखं, ४० अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणून आज्या ते चुलीजवळ धरून कोमट करून टाचांच्या भेगांत भरायच्या. आज तेच कोकम बटर म्हणून परदेशी डबीत येतं आणि किंमत बघून मला हसू येतं. टाचा, कोपर, ओठ यांना याच्यासारखं नाही. लावताना कातडी ओलसर हवी, आंघोळ झाली, टिपलं, लगेच लावलं. कोरड्या भिंतीवर झाप बांधून काय आत राखणार?

खोबरेलाचं तसं सरळ नाही. कोरड्या, खाजऱ्या त्वचेला घाण्याचं खोबरेल खरंच उपयोगी पडतं, लहान मुलांच्या एक्झिमावर त्याचे चांगले अनुभव अभ्यासांतही नोंदलेत. पण पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. आणि पावसाळ्यात आपली हवा म्हणजे ओला टॉवेल, त्यात आपल्या सगळ्यांच्या अंगावर राहणारी मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी असते जी तेलातल्या फॅटी ॲसिडवर जगते, खोबरेलातलं लॉरिक ॲसिड तिला चालतं. पाठीवर शिबं उठलेली असताना वरून तेल चोपडणं म्हणजे उंदराला खोबऱ्याचं राखणदार नेमणं.

## आता तोंडाने जाणारं

त्वचेला खरी रसद मिळते ती मागच्या दाराने, रक्तातून. नवा चिरा तळाशी घडतो त्याच्या लगेच खाली रक्तवाहिन्या असतात, वरच्या थरात नसतातच. म्हणून जे खाल्लं ते पोचतं, आणि नाही खाल्लं तेही कळतं.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण आपल्याच समुद्रातलं आहे. वास्को द गामाची जहाजं ऑक्टोबर १४९८ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून, आज ते गोव्यातच मोडतं, परत निघाली. वारा उलटा, आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळपास तीन महिने लागले. ताजं फळ-भाजी नाही. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, हातपाय सुजले, आणि त्या एका प्रवासात तीसेक खलाशी मेले. स्कर्व्ही. व्हिटॅमिन सी नसलं की शरीराला कोलेजनचे धागे वळता येत नाहीत, अंगावर रक्ताचे ठिपके येतात, जुन्या भरलेल्या जखमा परत उघडतात. म्हणजे कोलेजन हवं असेल तर लिंबू गालाला नको, पानात हवं. पेरू, आवळा तर लिंबाच्या कितीतरी पुढे, एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची गरज भागून उरते.

कोलेजन पावडर? प्यायल्यावर पोटात तिचे तुकडे होतात, जसे सुंगटांचे (कोळंबीचे) होतात, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) होतात. काही अभ्यासांत त्वचेचा ओलावा वाढल्याचं आलंय, पण कंपन्यांच्या पैशाने झालेले अभ्यास बाजूला काढले की तो फायदा दिसेनासा होतो. ते पैसे मासळीवर घाला. बांगडा, तारले स्वस्त आणि ओमेगा-३ ने भरलेले, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ६१ दिवस डाळी, अळसांदे, अंडी आहेतच. प्रोटीन, लोह, झिंक कमी पडलं की त्वचा फिकी नि केस झडके, आपल्या मुलींमध्ये ही तक्रार मास्कने सुटणारी नसते, हिमोग्लोबिन तपासून सुटते.

पिंपल्सचा प्रश्न मात्र वेगळा आणि मला सगळ्यात रस वाटतो तो इथे. आपल्याकडे म्हणतात तेलकट खाल्लं की पिंपल्स येतात, जणू खाल्लेलं तेल गालातून पाझरतं. तसं होत नाही. जास्त संशय आहे तो साखर-मैद्यावर. ते झपकन रक्तातली साखर वाढवतं, इन्सुलिन उसळतं, त्याच्याबरोबर आयजीएफ-१ नावाचं वाढीचं हार्मोन, आणि ही जोडी तेलग्रंथींना सांगते, काढा अजून तेल. पापुआ न्यू गिनी देशात किटावा नावाचं बेट आहे, तिथे संशोधकांनी १२०० लोक तपासले आणि एकालाही पिंपल नव्हतं, तरुण पोरांनासुद्धा. ते खातात काय? कंद, फळं, मासळी आणि नारळ! २००२ साली हे छापून आलं तेव्हा अनेकांनी म्हटलं की वंश वेगळा, हवा वेगळी, बरोबरच आहे ते. मग २००७ मध्ये मेलबर्नला १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर प्रयोग झाला, अर्ध्यांना हळूहळू साखर सोडणारा, प्रोटीन जास्त असा आहार, बारा आठवडे, आणि त्यांचे पिंपल्स दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. लहान प्रयोग आहे, त्यांचं वजनही कमी झालं होतं, तेव्हा सगळं श्रेय साखरेला देता येत नाही. पण दिशा कळते.

म्हणजे बघा, आपली शीत-कडी (भात-आमटी), नारळ, मासळी ही किटावाच्या जवळचीच, उकडा तांदूळ असेल तर आणखी बरं. गडबड होते ती सकाळच्या पातळभाजी-पावात, दोन चमचे साखरेच्या चहात, चार वाजताच्या बिस्किटांत आणि संध्याकाळच्या कोल्ड्रिंकमध्ये. पोदेराची (पाववाल्याची) कोंड्याची पोळी घ्या म्हणावं तर आता कित्येक ठिकाणी मैद्यावरच कोंडा भुरभुरलेला असतो, वरून ओळखूच येत नाही. आणि जिमला जाणाऱ्या पोरांसाठी एक सूचना, व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठ-खांदे पुरळाने भरले असतील तर आधी तो डबा महिनाभर बंद करून बघा.

पाणी किती प्यायचं विचारतात. तहान लागली की प्या. तुम्ही आधीच नीट पाणी पीत असाल तर जास्तीचं पाणी लघवीला जातं, गालाला नाही. फरक दिसायला किती दिवस? भिंत नवी व्हायला चार आठवडे, तेव्हा आहार बदलून दोन-तीन महिने तरी वाट बघा. रीलमध्ये तीन दिवस सांगतात कारण तीन महिन्यांचा रील कोण बघणार.

## पण आजीची कातडी किती सुंदर होती!

माझ्याही आजीची होती. ती लिंबू लावायची नाही, ते लोणच्यात घालायची. डोक्यावर पदर, दुपारी सावलीत, साबण कमी. आणि ज्यांची कातडी खराब होती त्या आज्यांची कुणी आठवण काढत नाही, हेही आहेच.

सुरकुत्या नि डाग यात वयाइतकाच, कधी जास्त, हात उन्हाचा असतो. २०१२ मध्ये एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला, खिडकीकडची डावी बाजू इतकी सुरकुतलेली की दोन वेगळ्या माणसांचे अर्धे चेहरे जोडलेत असं वाटावं. आपल्याकडच्या ड्रायव्हरांची उजवी बाजू बघा कधी. काच युव्हीबी अडवते, युव्हीए बरंचसं आत सोडते. गोव्यात एप्रिल-मेच्या दुपारी युव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो, जागतिक आरोग्य संघटनेच्या पट्टीत ती शेवटची पायरी आहे, आणि काळजी घ्यायला ३ पासूनच सुरुवात करायला सांगतात. पातळ ढग असले तरी बरेच किरण खाली येतात, म्हणून पावसाळ्यातही सुट्टी नाही. खोबरेल लावलं की सनस्क्रीन लागत नाही हे साफ चूक. टोपी, छत्री, बाह्यांचा कपडा आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोन बोटांवर दोन रेघा काढा, तेवढं चेहरा-मानेला लागतं. आपण लावतो ते त्याच्या पाव भागच.

टॅन म्हणजे मळ नाही हेही सांगते, कारण "डी-टॅन" म्हणून घासून काढतात. पेशीने आतल्या केंद्रावर रंगाची छत्री धरलेली असते, ती ऊन थांबलं की काही आठवड्यांत आपोआप मिटते.

## म्हणजे दुकानातलं सुरक्षित आणि घरातलं धोक्याचं?

असं मी कुठे म्हटलं? बिनलेबलचं सगळ्यात धोक्याचं. २०२१ ते २०२३ या काळात केरळात मलप्पुरमकडे डॉक्टरांना किडनीतून प्रोटीन गळण्याच्या एका आजाराचे २२ रुग्ण दिसले, त्यातल्या १५ जणांत एक विशिष्ट खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारं क्रीम वापरत होते. अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुली अशाच आजारी पडल्या, क्रीम ब्युटीशियनकडून घेतलेलं. दोन्हीकडे दोषी पारा. पारा रंग बनवणारं एन्झाइम बंद पाडतो म्हणून उजळल्यासारखं दिसतं, आणि तो बारीक असल्यामुळे भिंत ओलांडतो, रक्तात जातो, किडनीत साठतो. कायद्याने अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे, पण डबीवर "हर्बल", "केसर-चंदन" लिहायला काय जातं. वासाने-रंगाने ओळखता येत नाही. निर्माता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक यातलं काही नसेल तर कितीही जवळच्या मैत्रिणीने दिलं तरी घेऊ नका, आणि पंधरा दिवसांत गोरी झाली तर खूश होण्याऐवजी लघवी तपासून घ्या.

दुसरा प्रकार स्टिरॉइडचा. खाजेची ट्यूब शेजारणीने सांगितली म्हणून चेहऱ्याला लावायची, आठ दिवस मस्त, मग कातडी पातळ, लाल, बारीक केस, आणि ट्यूब सोडली की भडका. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मिळतात. वांग, पसरत जाणारी गजकर्णं, गाठीचे पिंपल्स, हे घरचं काम नाही, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्किनची ओपीडी आहे, रांग लागते पण जा.

बाकी हौस म्हणून लावायचंच असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दोन दिवस थांबा, कारण ॲलर्जी उशिरा येते. ताजं करा, उरलं तर फ्रिजमध्ये न ठेवता टाकून द्या, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं आणि आपल्या हवेत जंतूंना तेवढंच पुरतं. आठवड्यातून एकदा-दोनदा. एका वेळी एकच नवी गोष्ट, नाहीतर कशाने बिघडलं ते कळणार कसं?

भाचीचे पट्टे लग्नाच्या फोटोत मेकअपखाली गेले, पण पुरते जायला चतुर्थी उजाडली. मी तिला रोज सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर एवढंच सांगितलं होतं, सुरुवातीला तिला ते फारच फिकं वाटलं. परवा विचारलं, दिवाळीला उटणं लावणार ना, का आता तेही बंद? आमच्या घरच्या उटण्यात संत्र्याची साल असते हे तिने आता डोक्यात ठेवलंय. म्हणाली, "लावणार तर! कारीट फोडायच्या आधी लावायचं आणि लगेच धुवायचं. तेव्हा पहाट असते आत्या, ऊन कुठे असतं?"